खानेसुमारी

गाव आधी नकाशावर आलं, मग मातीवर.
रेल्वेच्या कुणा साहेबानं पट्टी ठेवून रेघ ओढली,
इंजिन पाण्याला थांबेल तिथं एक टिंब दिलं,
आणि टिंबाला नाव हवं म्हणून
एका कर्नलचं दिलं.
कर्नल लासार्ते इथं कधी उतरला नाही.
आता तर कुणीच उतरत नाही;
रुळांत बडीशेप माजलीय,
पुरुषभर उंच, वासाची.

पाम्पाचं मैदान किती सपाट, विचाराल
तर क्षितिजावर दिसलेली गाडी
दाराशी यायला एक चहा जातो.
ओविदिओ शांबेर्गेर धूळ बघून सांगतो
कुणाची गाडी, रिकामी की भरलेली,
आणि गडी बायकोशी भांडून निघालाय का.
चढ म्हणावा असा एकच, फलाटाचा उतरता दगड.
पोरं तिथंच ब्रेक दाबायला शिकतात.

शेतांच्या कडेनं पांढऱ्या प्लास्टिकच्या
लांबच लांब पिशव्या,
सोयाबीन गिळून सुस्त पडलेल्या.
धान्य उदंड.
कापणीला एक यंत्र, एक माणूस, एक रेडिओ.
पूर्वी चाळीस जण लागत,
चाळीस जणांना भाकरी लागे,
भाकरीला भटारी, भटाऱ्याला न्हावी.

जिल्ह्याचं पत्र आलं सप्टेंबरात:
दोनशेच्या खाली गेलात
तर गुरुवारचा डॉक्टर बंद.
मोजणीचा नियम सोपा:
काल रात्री जो इथं झोपला, तो इथला.

मग फोन झाले. वाण्याच्या दुकानातून, चोरून, रडून.
कोर्दोबाहून भाच्या आल्या,
एक जावई आला, कपाळावर आठ्या घेऊन.
ओविदिओचा मुलगा आला बाईया ब्लांकाहून,
सहा वर्षं अबोला धरलेला.
बापानं काही विचारलं नाही.
गादी आधीच उन्हात घातली होती.

नेलिदा गोयेनेचे, शाळेतल्या बाई,
सकाळी वही घेऊन निघाल्या.
बकाण निंब जांभळा फुललेला,
वहीवर फुलं पडत, त्या फुंकून टाकत.
टिटवी ओरडली. इथं ती अशुभ नाही,
फक्त राखणदार, जरा तोंडाळ.

क्लोतिल्दे आजी म्हणाली, बेनिग्नोचंही नाव लिही.
बाई म्हणाल्या, आजी, तो मार्चमध्येच...
आजी म्हणाली, झोपतो ना तो इथंच? सायप्रसच्या पलीकडं?
नियम काय म्हणतो?
बाईंनी पेन्सिल खाली ठेवली,
समोर आलेला कडू माते नळीनं ओढला
तळाशी गुरगुर होईतो,
आणि न लिहिता उठल्या.

संध्याकाळी बेरीज: एकशे नव्व्याण्णव.
पुन्हा केली. तेवढीच.
नाही, स्वतःला विसरल्या नव्हत्या,
पहिल्या ओळीत होत्या, फाटक्या स्वाक्षरीसह.

तेव्हा आठवला पेट्रोल पंपामागचा ट्रक,
कोरिएन्तेसचा, आस मोडलेला, तीन दिवस उभा.
बाईंनी काच ठोठावली.
काल रात्री कुठं झोपलास?
सेलेदोनिओ घाबरला, त्याला वाटलं दंड.
म्हणाला, कुठंच नाही, सेन्योरा.
डास होते. डोळ्याला डोळा नाही.

बाई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, पहाटे तरी?
तो म्हणाला, पहाटे, थोडासा.
थोडासा, त्या म्हणाल्या, आणि लिहिलं: दोनशे.

गुरुवारी डॉक्टर आला.
रांगेत पहिला सेलेदोनिओ, हातापायांवर गांधी.

भाच्या, जावई आदल्या दिवशीच गेले.
ओविदिओचा मुलगाही गेला, दुपारी, न जेवता;
डबा मात्र नेला.
म्हातारा फाटकाशी उभा राहिला.
ही धूळ कुणाची हे त्याला ठाऊक होतं,
तरी ती खाली बसेपर्यंत
बघत होता.