व्यत्यय

मी टाइप केलेलं त्याचं पहिलं पत्र गटाराचं होतं.
मॅलकी टूही तेव्हा खिळे विकायचा, आणि मेंढ्यांचं औषध,
दुकानामागच्या खोलीत, रॉकेलच्या वासात
उभ्याउभ्याच मजकूर सांगायचा:
"महोदय, पाणी मिसेस क्विर्कच्या चुलीपर्यंत आलंय.
'चुलीपर्यंत'खाली रेघ मार, असम्प्टा."
मारली.
सहा महिन्यांनी का होईना, गटार झालं,
आणि मिसेस क्विर्कच्या सतरा नातलगांनी
त्याला काउंटी कौन्सिलवर धाडलं.

एकोणीस वर्षं.
काय केलं एवढ्या वर्षांत, असं कुणी विचारलं
की मी वह्या काढते. निळ्या, शाळकरी, चौकटीच्या.
खड्डा. खड्डा. विधवेचं पेन्शन.
मेंढी मेली, ट्रक कुणाचा?
दफनभूमीत जागा हवी, पण नवऱ्याशेजारी नको.
खड्डा, तोच.

मयत एकही चुकवली नाही त्यानं.
मतांसाठी जातो, म्हणायचे लोक.
जातही असेल. पण शेवटची माती पडेपर्यंत
टोपी हातात घेऊन उभा राहायचा भर पावसात,
आणि मेलेल्या माणसाला मत नसतं.
(आमच्याकडे कधीकधी असायचं. ते जाऊ दे.)

मग डब्लिनची निवडणूक.
शाळेच्या जिममध्ये मोजणी, अकरावी फेरी, पहाटेचे चार,
टेबलांवर थंड सँडविच.
पहिल्या पसंतीचा तो फारसा कुणाचा नव्हताच,
चौथ्या पसंतीचा मात्र सगळ्यांचा,
आणि त्या चौथ्या-चौथ्या मतांच्या चिल्लरीतून
संसदेतली एक खुर्ची निघाली.
"लग्नातही असाच निघाला होता," त्याची बायको ब्रीज म्हणाली,
आणि कोटाची गुंडी लावून दिली त्याच्या.

तिथे घंटा वाजायची.
घंटा वाजली की उठायचं,
पक्षाचा माणूस दाखवेल त्या दारातून जायचं.
फोनवर सांगायचा, "वर्ग मोठा आहे, असम्प्टा,
पण मास्तर कोण ते कळत नाही."

तिसऱ्या वर्षी आमच्या इस्पितळाचा
बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचा प्रस्ताव आला.
त्याला चार मिनिटं मिळाली, रात्री पावणेअकराला.
छापील इतिवृत्त माझ्याजवळ आहे:

"अध्यक्ष महोदय, त्या वॉर्डात माझी मुलगी"
व्यत्यय.
"एक्क्याऐंशी किलोमीटर, दलदलीतला रस्ता, रात्री जर"
व्यत्यय.
"सन्माननीय सदस्यांची वेळ संपली आहे."

घंटा वाजली. दारं दोन होती.
'प्रस्तावाच्या बाजूने' या यादीत,
अगदी खाली, टूही, मॅलकी.

मी दोन वर्षं त्या व्यत्यय आणणाऱ्यांना शिव्या घातल्या.
कोण होते रे ते, शेवटी विचारलंच.
तो खिळ्यांच्या खणात बोटं फिरवत होता.
"कुणीच नव्हतं," म्हणाला. "बाकं रिकामी होती.
मलाच पुढचं बोलता येईना.
लिहून घेणारी बाई भली असावी,
त्या गप्प राहण्याला तिनं काहीतरी नाव दिलं."

पुढच्या मोजणीत तो पाचव्या फेरीत गेला.
चौथी पसंतीसुद्धा आटली होती.
त्याच हिवाळ्यात मिसेस क्विर्कची नात
दलदलीच्या रस्त्यावर, मोटारीच्या मागच्या सीटवर बाळंत झाली.
मुलगी. जगली. धाप लागते तिला अजून.
बारशाला तो चर्चमध्ये मागे उभा राहिला,
कुणी त्याला ये म्हणालं नाही, जाही म्हणालं नाही.

त्या संध्याकाळी खोलीत येऊन म्हणाला, एक पत्र घे.
तिच्या आईला होतं. तीन ओळींचं.
यंत्र तेच, वास तोच,
फक्त तो या वेळी बसला होता.
मी विचारलं, "'मोटारीत'खाली रेघ मारू?"
बराच वेळ काही बोलला नाही.
मी बोटं उचलून थांबले,
काहीही टाइप केलं नाही.