पेक्षा

टिळकवाडीतल्या त्या कार्यालयात आम्हाला एक टेबल मिळालं,
एक फळा, एक पंखा
आणि चौथीच्या गणिताची इंग्रजी प्रत.
गुरुसिद्दप्पा हत्तरगी ती कन्नडात नेणार, मी मराठीत.
पंधरा दिवस. जेवण ज्याचं त्याचं.

आकडे सोपे गेले. अडलो पहिल्याच तुलनेला.
७ > ५
इंग्रजी वाक्य चिन्हाचं बोट धरून चालतं,
आधी सात, मग मोठा, मग पाच.
माझ्याकडे चिन्हाचे दोन तुकडे होतात:
पेक्षा जाऊन पाचाला चिकटतो,
मोठा शेवटपर्यंत थांबून राहतो,
आणि जिथे चिन्ह होतं
तिथे वाचणाऱ्याने नुसता श्वास घ्यायचा.

हे मी फळ्यावर मांडलं, जरा तक्रारीच्या सुरात.
गुरुसिद्दप्पांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि माझ्या ओळीखाली त्यांची ओळ लिहिली.
एळु ऐदक्किंत दोड्डदु.
शब्दाखाली शब्द.
पेक्षाच्या पोटाखाली किंत, मोठ्याखाली दोड्डदु.
"सारखंच की हो बाई," म्हणाले,
आणि डस्टर घेऊन दोन्ही पुसलं, कारण फळा लहान होता.

जास्तीत जास्तच्या जागी त्यांनी गरिष्ठ लिहिलं
तेव्हा मी हसले.
आमच्यात गरिष्ठ म्हणजे लग्नातलं, तुपातलं,
रात्री दोनला उठवून बसवणारं.
कनिष्ठ म्हणजे लिपिक.
त्यांच्यात ती नुसती दोन टोकं, थर्मामीटरवरची.

मग बरोबरपाशी ते अडले.
पाच अधिक दोन बरोबर सात, हे बरोबर आहे का,
आणि काल तुम्ही बसस्टँडवर कुणाबरोबर होता –
"एकाच गड्याला एवढी कामं लावता,
पगार किती देता त्याला?"
त्यांच्याकडे समाला वेगळा माणूस, सरीला वेगळा,
जोतेला आणखी तिसरा.

भरमाण्णा चहा ठेवता ठेवता फळ्याकडे बघायचा.
"ह्यो बाण कुणाकडं दावतोय?"
बाण नव्हे, तोंड, मी सांगितलं. मोठ्याकडे उघडं.
"मग बरोबर हाय," म्हणाला,
"सायबाच्या खोलीकडंच हाय त्ये."

कागद आमच्या मध्ये असायचा.
एका दुपारी लाईट गेली, काम थांबलं,
आणि मी सहज उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले.
तिथून चिन्ह उलट्या बाजूला तोंड करून होतं.
पण आकड्यांनीही जागा बदलली होती.
दोन-तीनदा इकडून तिकडे गेले.
सात मोठाच राहिला.

सीमा हा शब्द बारावीत येतो.
आमच्या पुस्तकात नव्हता, ते बरं झालं.
त्याला पंधरा दिवस पुरले नसते.

जूनमध्ये छापून आलं.
पान चौतीस, तिसरी ओळ: चिन्ह फिरलेलं.
सात पाचापेक्षा लहान, सबंध जिल्ह्यात.
कपाळावर हात मारून फोन लावला.
गुरुसिद्दप्पांनी त्यांची प्रत उघडली, पानांचा आवाज आला,
मग काहीच नाही, मग म्हणाले,
"आमच्यातबी तसंच आहे. तीच ओळ."
आम्ही इतके हसलो
की त्यांच्या घरातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं
आणि त्यांना ते कन्नडात सांगता येईना.

नंदगडच्या शाळेत तपासणीला गेले तेव्हा
खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीने
ते चिन्ह खोडरबराने इतकं घासलं होतं
की पानाला भोक पडलेलं.
सात आणि पाचाच्या मध्ये
मागच्या पानावरचा अर्धा आंबा दिसत होता.
वाच, मी म्हटलं.
तिने सातावर बोट ठेवलं,
भोकापाशी थांबली, श्वास घेतला,
आणि पाचापेक्षा मोठा म्हणाली.