मुरतंय कुठं

उणे चोवीस. सोदांक्यूलाच्या बाहेर,
लाकूडकारखान्यामागे माझं दोन गाड्यांचं गॅरेज.
राइली आली अठ्ठ्याऐंशीची व्होल्वो घेऊन,
काच जेमतेम बोटभर खाली करून म्हणाली,
"आर्मास, पाणी पितेय ही. आठवड्याला लिटरभर.
यॉर्मा म्हणतो हेड गॅस्केट गेलं.
यॉर्मा म्हणतो भंगारात काढ."

यॉर्माला सगळं धुरावरून कळतं.
पण जानेवारीत इथे प्रत्येक गाडी मागून पांढरं सोडते,
माझा कुत्रा तोंडातून सोडतो, मीही, राइलीही.
या थंडीत धुराची साक्ष कोण धरणार?

ऑइलचं झाकण उघडलं. आतून पिवळट साय.
बोटावर घेऊन चोळली.
ही साय वाईट असते.
किंवा घर ते दुकान, दुकान ते घर
एवढंच चालणाऱ्या गाडीची असते,
तापायच्या आत थांबलेल्या इंजिनाची.
"लांब कुठे जातेस की नाही?"
"कुठे जाणार," ती म्हणाली.

डिपस्टिकवरचं तेल नितळ.
मग चारही प्लग काढून फडक्यावर मांडले.
आमच्या धंद्यात धुतल्या तांदळासारखा जो निघतो
त्याच्यावरच आळ येतो:
त्याच्या खोलीत पाणी शिरतं, वाफ होतं,
रोज त्याला आंघोळ घालतं.
चौघेही सारखेच तपकिरी, सारखेच मळके. निर्दोष.

कॉम्प्रेशन. साडेअकरा, साडेअकरा, सव्वाअकरा, साडेअकरा.
मधली भिंत फुटली की दोन शेजारी एकदम पडतात.
इथे कुणी पडलं नव्हतं.

शेवटी ती निळी बाटली.
टाकीच्या तोंडावर नळी धरायची, रबरी फुगा दाबत राहायचा;
जळलेला वायू पाण्यात आला असेल
तर निळं पिवळं होतं.
इंजिन चालू. मी दाबतोय, राइली बघतेय,
हातमोज्यांतले हात एकमेकांत अडकवून,
असं दवाखान्यात बसलेल्यांना बघितलंय मी.
पाच मिनिटं. दहा.
निळं ते निळंच.

तरी पाणी कुठेतरी मुरत होतं.
पंपाने एक बार दाब भरला आणि कॉफी ओतली.
दुसऱ्या कपापर्यंत काटा मुंगीच्या पावलांनी उतरला,
आणि गाडीखालचा पुठ्ठा ठणठणीत कोरडा.

गाडीचे जुने कागद बघू म्हणून
उजव्या दाराने आत बसलो.
पायाखाली पचकन वाजलं.

रबरी मॅट उचलली. खालचा गालिचा चिंब,
बोट नाकाशी नेलं तर गोडसर वास,
आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं.

"ते मी रोज सकाळी पुसते," राइली म्हणाली.
"वाटलं, माझाच श्वास."

हीटर. डॅशबोर्डच्या पोटात खोल,
थेंब थेंब, उजव्या बाजूला.
तीस वर्षं ती बसायची तिथे,
मांडीवर नकाशा, थर्मास, तौनोची टोपी.
दोन वर्षांपूर्वी ती डावीकडे सरकली.
त्यानंतर त्या जागी कुणाचा पाय पडला नाही,
ओलं झालंय हे सांगणार कोण?

मी यातलं काही बोललो नाही. मी म्हणालो,
"तीन दिवस लागतील. अख्खा डॅशबोर्ड काढायचाय.
आधी हीटर बनवला असेल त्यांनी,
मग सावकाश त्याच्याभोवती गाडी."

"आणि यॉर्माला काय सांगू?"
"सांग, गॅस्केट त्याच्या डोक्यापेक्षा धड आहे."
हसली. पहिल्यांदाच. तीही वाफ पांढरीच.

तिला घरी सोडायला माझा पिकअप काढला.
सवयीने ती डाव्या दाराशी गेली,
हँडलवर हात ठेवून उभी राहिली क्षणभर,
मग पुढून वळसा घालून उजवीकडे आली.
दार उघडलं. पाय ठेवण्याआधी वाकली,
हातमोजा काढून
तळव्याने खालची जमीन चाचपून पाहिली.