हजेरीत अवघडे

सव्वाआठ. मार्केट यार्डामागची महापालिकेची शाळा,
पहिली 'ब'चा वर्ग. बाक इतके बुटके
की केरबा कोळपे आडवे बसतात, पाय मधल्या वाटेत,
आणि उशिरा येणारा प्रत्येक जण
त्या पायांची माफी मागत पुढे सरकतो.

मी हजेरी घेते.
बागवान रुक्साना. हजर.
कोळपे केरबा. हजर, म्हणजे अर्धे;
अर्धे अजून बावीस नंबरच्या गाळ्यावर पोती मोजतायत.
अवघडे मथुरा.
"आडनावच असलं, बाई, मग धडा सोपा कुठनं येणार?"
दर सोमवारी हाच विनोद. दर सोमवारी सगळे हसतात,
मीही. त्या हसण्यानंतरच पुस्तकं उघडतात.

आज पुस्तक नाही.
मथुराबाईंनी पिशवीतून कागद काढले,
चार घड्या, कोपऱ्याला हळद.
झोपडी जाऊन खोली मिळायची आहे, सातव्या मजल्यावर,
तिचा करारनामा. मुलगा म्हणाला, कर सही.
"सही येती आता मला," त्या म्हणाल्या,
"म्हणून तर भ्या वाटायला लागलं.
अंगठा होता तवा नव्हतं वाटत."

दिवसभर मी नारायण पेठेत प्रुफं तपासते.
माझा डोळा ओळीवरून घरंगळत जातो,
चुकलेल्या वेलांटीलाच तेवढा ठेचकाळतो.
इथे तो डोळा कामाचा नाही.
फळ्यावर पहिलं वाक्य उतरवलं:
सदर सदनिकेचे हस्तांतरण
दहा वर्षांपर्यंत करता येणार नाही.

"सदर? अंगात घालायचा सदरा?"
"नाही. सदर म्हणजे हे. ज्याच्याबद्दल बोलतोय, ते."
"मग 'हे' लिहायला काय झालं हुतं त्यास्नी?"
वीस वर्षं प्रुफं वाचून
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हस्तांतरण.
मथुराबाईंचं बोट 'ह'पासून निघालं
आणि अर्ध्या 'स'पाशी थांबलं.
नखात कांद्याची साल. थरथरत नव्हतं,
नुसतं उभं होतं, सातारा रोड ओलांडायला
माणूस उभा राहतो तसं.
माझ्या जिभेवर शब्द तयार होता, इस्त्री केलेला.
पूर्वी मी देऊन टाकायचे. वेळ वाचायचा.
पुढच्या सोमवारी तेच बोट तिथेच,
आणि शब्द माझ्याच घरी परत आलेला.

जीभ दातांखाली धरली.
पंखा. बाहेर मागे सरकणाऱ्या टेम्पोची पिपाणी.
रुक्सानाच्या मांडीवर तिची लेक झोपेत काहीतरी बरळली.
किती वेळ गेला, घड्याळाकडे मी पाहिलं नाही.

मग केरबा उठले, फळ्यापाशी आले.
"हे एकट्याचं वजन न्हाई," म्हणाले,
आणि तळव्यानं मागचा शब्द झाकला,
काना, वरचा ठिपका, सगळं.
"आधी एवढंच उचला."

"ह... स्त. हस्त."
"हस्त म्हणजे?"
"हात की! तळहस्त नाही का म्हणत."
तळवा सरकला. "अंतर." मग शेपटाचा 'ण', बाणातला.
"हातापासून लांब?" मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी काही म्हणणार, तर रुक्साना म्हणाली,
"या हातातून त्या हातात. आमच्या पेट्या जातात ना, मोसंबीच्या,
गाडीपासून गाळ्यापर्यंत, तसं."

मथुराबाईंनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं.
अडखळत, 'सदर'ला एक शिवी हासडत,
शेवटच्या 'नाही'पर्यंत पोचल्या.
आणि एकदम गप्प झाल्या.
"म्हंजी दहा वर्सं कुणालाच न्हाई? लेकीलाबी?"

"पुढच्या ओळीत असेल कदाचित," मी म्हणाले.
खोटं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

पण शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला होता.
कागद घडीवर घड्या बसत पुन्हा पिशवीत गेले.
अकरा पानं. आज एक वाक्य झालं.
"पोरगं इचारल, केली का सही," त्या चपला शोधत म्हणाल्या,
"सांगते त्याला,
वाचतीय अजून."