उलट चाल

रेनी लेकवर वारा उत्तरेचा असला
की हारलन नाव उलटी चालवतो.
सरळ गेली तर पळते फार, म्हणतो.
गळ माशापुढे रेंगाळला पाहिजे,
निघतो निघतो म्हणत
दारात अर्धा तास उभ्या पाहुण्यासारखा.

म्हणून इंजिन रिव्हर्समध्ये,
आणि लाटेला आम्ही पाठ दाखवतो.
पळताना नव्हे.
पाठ पुढे करून तिच्या अंगावर जातो.

मागची फळी इंजिनासाठी खाली कापलेली,
पाण्यापासून जेमतेम दीड वीत.
लाटेला ती जागा तोंडपाठ.
थपाक् —
हारलनच्या मांडीवर, आमिषाच्या डब्यात,
माझ्या पावात, माझ्या बुटात.
रबरी कोट घरात एकच, तो त्याच्या अंगावर.

एकोणतीस वर्षं मी कॉफीच्या डब्यानं उपसत आले.
"थोडंसंच तर आहे," तो म्हणायचा,
दर थपाक्‌ला, त्याच सुरात.

एका उन्हाळ्यात प्लायवूड ठोकून पाहिलं.
ते अडून बसलं,
आणि सप्टेंबरात मोडलं.

मग डेलमार गेला, हारलनचा भाऊ.
ओंडके वाहणारा त्याचा ट्रक गोठ्यामागे उभा,
बॉनेटमधून पॉप्लरचं रोप वर आलेलं.
मागच्या चाकांशी दोन मडफ्लॅप,
बोटभर जाड. बावीस वर्षांचा चिखल
अडवून शहाणे झालेले.

मी पाव कापायची सुरी घेतली, साबणाचं पाणी घेतलं.
(कोरडं रबर सुरीला धरून ठेवतं,
ओलं असलं की सोडतं.)
अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली चार-चार बोल्ट,
भोकांत सिलिकॉन.
हारलन ओसरीतून बघत होता.
नाव म्हशीसारखी दिसेल, म्हणाला.
दिसू दे.

डेलमारनं पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं होतं स्वतःचं,
अर्धं या फ्लॅपवर, अर्धं त्या.
आता डावीकडे डेल, उजवीकडे मार,
मधे पंचवीस घोड्यांचं इंजिन.

लाट आली. रबर वाकलं, हो हो म्हणालं,
आणि ती गेल्यावर आपल्या जागी.
अगदी डेलमार.
वाद घालायला कुणी आलं की
मान डोलवायचा
आणि करायचं तेच करायचा.

तळ कोरडा. दुपारी दोनपर्यंत कोरडा.
माझ्या हातांना काही सुचेना.
डब्यात रिकामी हवा उपसावी की काय!
हारलननं दोनदा घसा खाकरला.
मग, लाटेकडे तोंड करूनच,
शेवटच्या आठवड्यात भावाला भेटायला
का गेला नाही, ते सांगू लागला.
वर्षभर न विचारलेलं मी
तेव्हाही विचारलं नव्हतं.

इंजिन वळायला दोन्हीकडे
चार बोटं फट ठेवावी लागते.
तिथून अजून येतं ओंजळभर.
"तीही बुजवू?" त्यानं संध्याकाळी विचारलं.

नको म्हटलं.
डबा पायाशी आहे.