खांद्याचं माप

रिकाम्या काडतुसाला आमच्याकडे केस म्हणतात.
लग्न होऊन वरणगावला आले तेव्हा सासूला सांगितलं,
दिवसाला चारशे केस मोजते.
ती भाकरी थापता थापता थांबली :
"कोनाचे वं?"

मे महिन्यात अख्ख्या फॅक्टरीत गार खोली एकच.
ती आमच्यासाठी गार नाही, पितळासाठी आहे.
आत वीस अंश, बाहेर सेहेचाळीस.
भिंतीवर तापमापक, त्याच्याखाली माझा स्टूल.

पितळाला तोंड असतं, मान असते, खांदा असतो.
साच्यात दाबलं की बसतं,
सोडलं की थोडं परत येतं,
कुलूप लावून गेलेल्याने
पुन्हा कडी ओढून बघायला यावं, तसं.
किती परत येतं, एवढंच माझं काम.
सगळेच सारखे परत आले तर काही बिघडत नाही,
साचा तेवढा आत घेता येतो.
एकेक वेगळा आला की
माझी झोप गेली.

त्या उन्हाळ्यात तसा लॉट आला.
एकाचा खांदा बरोबर,
दुसऱ्याचा अर्ध्या केसाने वर
(हा डोक्यावरचा केस),
पुढचे दोन पुन्हा बरोबर.
साचा बदलला. साबणपाणी बदललं.
फिरके मास्तरांनी प्रेस हाताने खाली आणला,
दाबून धरला, तीन मोजले, सोडला.
"आता भी तेच राह्यलं," म्हणाले,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की जणू गेज मीच झिजवलंय.

मी एक केस खिडकीशी नेऊन फिरवला.
मानेवर निळसर छटा असते, ज्योतीने दिलेली,
सगळीकडून सारखी हवी.
ही एका अंगाला गडद, दुसऱ्या अंगाला जवळजवळ नाहीच.
इकडून मऊ, तिकडून अडेल.

ज्योतींच्या रांगेशी गेले.
पहिल्या पाच सरळ.
मग सगळ्या कलल्या, एका दिशेला,
हतनूरच्या कालव्याकाठचं गवत कलतं तशा.
आणि पुन्हा सरळ.

पंखा.
पॅकिंगमधून ओढून आणलेला उभा पंखा,
त्याच्यापुढे रुबाब तडवी,
तेविसावा रोजा, ओठांवर पांढरी साल.
पंखा मान फिरवत होता :
त्याच्याकडे, ज्योतींकडे,
त्याच्याकडे.
आम्ही दोघं काही बोललो नाही.

रिपोर्टात कारणासाठी दोनच ओळींची जागा.
"हवेचा झोत," लिहिलं.
साहेब म्हणाले, कुठून?
म्हटलं, मे महिना आहे साहेब.

अकरा हजार केस चेपून वितळायला गेले.
मास्तरांनी पत्रा कापून ज्योतींना आडोसा केला.
पंखा तिथेच राहिला,
मान सुतळीने बांधून, रुबाबच्या बाजूला.

संध्याकाळी नवा ट्रे आला.
तासभर गार खोलीत नुसता ठेवला,
पितळाला ऊन विसरायला तेवढा वेळ लागतो.
मीही शेजारी बसून राहिले.
मग एकेक गेजात सोडला.
टक.
टक.
टक.
मोजत नव्हते, ऐकत होते.

ओव्हरटाइम सुटल्यावर गेटपाशी
रुबाबने सायकलच्या पिशवीतून दोन केळी काढली,
एक माझ्या हातावर ठेवलं,
दुसरं परत पिशवीत.
सूर्य अजून दोन बोटं वर होता.