तीन टन

माझं नाव सागिन्दिक.
आमच्या कझाख बोलीत त्याचा अर्थ: झुरलो तुझ्यासाठी.
चार मुलींनंतर झालो, म्हणून आईनं ठेवलं.
आता ह्या नावानिशी गाडी हाकतो,
सहा चाकांची, निळी,
जेझकाझगानच्या पलीकडे, जिथे रस्ताच नाही
म्हणून चुकायलाही काही नाही.

उड्डाण एकदाच जवळून पाहिलं.
आधी उजेड आला. आवाज मागून, सावकाश,
जणू त्याला निरोप उशिरा पोचला.
मग कुणीतरी फासळ्या आतून वाजवल्या.
शेजारी तलगात उभा होता, टाक्या भरणारा.
त्याच्या अंगाला रॉकेलचा वास, बायकोनं तक्रार करावी इतका.
म्हणाला, हे नुसतं चढणं नाही रे, टाकत जाणं आहे.
दोन मिनिटं होतात न होतात तोच कडेची चार नळकांडी,
मग मधलं धड,
मग त्याच्याही वरचं.
तीनशे टन निघतात.
जमिनीवर परत येतात तीन.

मी डिझेलचा हिशेब लिहिणारा माणूस.
हा आकडा माझ्या वहीत बसेना.

टाकलेलं आमच्याच माळावर पडतं.
एका नळकांड्याचा पत्रा आईनं आणवला,
राखेनं तीनदा घासला,
उंटांची डोणी केली.
कडेला रशियन आकडे आहेत, करपलेले.
म्हातारी सांडणी अजूनही आधी हुंगते,
मान फिरवते,
मग तहान जिंकते.

परतीच्या दिवशी पहाटेपासून थांबतो आम्ही.
वर बघत बसलं की येत नाही,
असं डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणतात, आणि बघत बसतात.
काल आधी एक टिंब दिसलं.
मग छत्री, नारिंगी-पांढरी, वाऱ्यानं तिरकी.
खाली ते गोळाकार भांडं, चुलीवरून उतरवल्यासारखं काळं.
हवेनं जाळलेलं.
ह्याच हवेनं, जी माझ्या कॉलरमधून पाठीवर उतरत होती.
जमीन हातभर उरली तेव्हा
खालून एक शेवटची फुंकर,
धूळ,
धप्प.
कागदोपत्री ह्याला अलगद उतरणं म्हणतात.

दार उघडलं. तिघांतली वर्वारा शेवटी निघाली.
दोघांनी खांदे धरले, मी पाय.
सहा महिने त्या पायांनी काही उचललं नव्हतं,
स्वतःलासुद्धा.
खुर्चीत बसवली. मान ठरेना.
घड्याळ काढा, म्हणाली, हात ओढतंय खाली.
मी काढलं. माझ्या तळव्यावर ते काहीच नव्हतं.
पाणी दिलं. दोन घोट घेतले तिनं
आणि पेला हवेत ठेवला.

ठेवला म्हणजे ठेवला.
फळीवर ठेवतात तसा, न बघता,
बोटं सोडून, पुढचं वाक्य सुरू करत.

पेला पडला.
कुणीच हसलं नाही. ती हसली,
मग ओल्या गवताकडे बघत राहिली,
पाणी मुरेपर्यंत.
काय बोलावं सुचेना, तेव्हा मी वाकून
रानदवण्याची एक काडी खुडली, आमचा जुसान,
कडू, राखी रंगाचा, बोटांना तासभर न सोडणारा.
तिच्या नाकाशी धरली.
तिनं डोळे मिटले.
नाव विचारलं, मी सांगितलं.
अर्थ तिनं विचारला नाही. मीही ओझं वाढवलं नाही.

रात्री वही काढली.
डिझेल एकशे चाळीस लिटर.
चाक एक, खिळा लागला.
पेला एक, घटला.
बाकीचं कुठल्या रकान्यात घालायचं, तलगातला विचारीन.

आईनं चहा दिला, दुधाचा, खारट.
वाडगा टेबलावर टेकवला
आणि हात काढला नाही.
काय बघतोस, म्हणाली.
म्हटलं, राहतो का.
म्हणाली, राहील. पी आता, गार होतोय,
आणि डोणी गळतेय, उद्या डांबर आण.